खबरेतली शंका जाते कुठे?

जयपूरमध्ये पोलिसी गुप्तवार्तेचा विषय काढायचा तर सुरुवात मालासरपासून करावी लागते. २४ जून २०१७, शनिवार. आनंदपाल सिंह या फरार गुंडाच्या जवळची माणसे त्या दिवशी हरियाणातल्या सिरसा इथे राजस्थान पोलिसांच्या एसओजीच्या, म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स ग्रुपच्या हाती लागली. त्यांच्या चौकशीतून चुरू जिल्ह्यातल्या मालासर गावातले एक घर पुढे आले. काही तासांत त्या घराला वेढा पडला. रात्री उशिरा झालेल्या चकमकीत आनंदपाल ठार झाला आणि एक कमांडो गंभीर जखमी झाला.

निव्वळ खबर म्हणून पाहिले तर ही उत्तम खबर होती. ती ताजी होती, आतल्या माणसाकडून आलेली होती आणि तिच्यात एका गावातले एकच घर होते. अशी खबर मिळायला पोलिसांना पावणेदोन वर्षे लागली. ३ सप्टेंबर २०१५ रोजी डीडवाण्याच्या न्यायालयातून अजमेरच्या तुरुंगाकडे नेताना नागौर जिल्ह्यात परबतसरजवळ साथीदारांनी पोलिसांच्या गाडीवर हल्ला करून त्याला पळवले होते. बंदोबस्तातल्याच एका जवानावर तेव्हा संगनमताचा आरोप झाला. मधल्या काळात, मार्च २०१६ मध्ये, नागौर जिल्ह्यात या टोळीशी गाठ पडली तेव्हा एका शिपायाचा जीव गेला.

मालासरनंतर मात्र खबरेच्या अचूकपणावर कुणाचा आक्षेप नव्हता. वाद पेटला तो त्या घरात शेवटच्या मिनिटांत काय घडले यावर. शरण येण्याची संधी दिली होती का, गोळी किती अंतरावरून लागली, हे प्रश्न त्याच्या सांवराद गावातल्या हिंसक आंदोलनापर्यंत गेले. तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, २०२४ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने तो नाकारून पोलिसांविरुद्ध खटल्याचा आदेश दिला आणि मग त्या आदेशालाही वरच्या न्यायालयात आव्हान मिळाले. चांगली खबर मिळाली तरी ती वापरली कशी हा प्रश्न उरतोच.

या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे. हत्यारबंद कारवाई ठरते तेव्हा पोलीस हातातल्या माहितीचे करतात काय? खबर मिळणे आणि दारावर लाथ बसणे यांच्यामध्ये एक छोटा काळ असतो, कधी आठवड्याचा, कधी वीस मिनिटांचा. आपल्याकडे खबऱ्यावर चित्रपट निघतात आणि चकमकीवर मथळे होतात. या मधल्या काळावर मात्र फार थोडे लिहिले-बोलले जाते. माणसे वाचतात की मरतात, हे पुष्कळदा त्याच काळात ठरते.

गावातला माणूस हवालदाराला सांगतो, "बहुतेक तोच असावा, काल संध्याकाळी लांबून दिसला." हवालदार फौजदाराला सांगतो, "काल संध्याकाळी दिसला." फौजदार उपअधीक्षकांना सांगतो, "गावात आहे." पथकाच्या ब्रीफिंगमध्ये वाक्य होते, "तो त्या घरात आहे आणि त्याच्याकडे हत्यार आहे." यात कुणी खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने फक्त एकेक शब्द गाळलेला असतो, 'बहुतेक', 'लांबून', 'काल'. खबर एकेक पायरी चढत जाते तशी तिच्यातली शंका गळत जाते, आणि शेवटी बंदूक हातात घेतलेल्या जवानाला मिळते ते निखळ, ठाम वाक्य. दार उघडल्यावर सेकंदभरात निर्णय त्यालाच घ्यायचा असतो, आणि त्या निर्णयाचा आधार तेच वाक्य असते.

छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात एडसमेटा नावाचे गाव आहे. १७ मे २०१३ च्या रात्री तिथले आदिवासी बीज पंडुम हा पेरणीआधीचा सण साजरा करायला जमले होते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा जवानांची तुकडी माओवाद्यांच्या शोधात तिथून जात होती. अंधारात आगीभोवती जमलेली माणसे दिसली आणि गोळीबार सुरू झाला. आठ गावकरी गेले, त्यांत अल्पवयीन मुले होती. एक जवानही गेला. न्यायमूर्ती व्ही. के. अगरवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये विधानसभेत मांडला गेला. जवानांनी बहुधा घाबरून गोळ्या झाडल्या, मारले गेलेले लोक माओवादी नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. जवानांना अधिक चांगली गुप्तवार्ता आणि साधने मिळाली असती तर हे टळू शकले असते, असेही आयोगाने म्हटले. त्याच जिल्ह्यातल्या सारकेगुडा इथे जून २०१२ मध्ये १७ जण मारले गेले होते. तिथल्या चौकशीतही याच न्यायमूर्तींना मृतांमध्ये माओवादी असल्याचा पुरावा सापडला नाही.

एडसमेट्याच्या तुकडीपाशी माओवाद्यांविषयी माहिती नव्हती असे नाही. त्या आठवड्यात गावात सण आहे, ही माहिती नव्हती. ती कुठल्याही गुप्त फाइलमध्ये मिळाली नसती. गावातल्या शिक्षकाने, आरोग्यसेविकेने, बाजारातल्या दुकानदाराने ती सहज सांगितली असती. सशस्त्र कारवाईच्या नियोजनात शत्रूची माहिती जितकी लागते तितकीच शत्रू नसलेल्यांचीही लागते. त्या वस्तीत कोण राहतो, रात्री कोण जागा असतो, लग्न कुठे आहे, यात्रा कधी आहे, मजूर कोणत्या गाडीने परततात?

शेवटचा प्रश्न नागालँडचा आहे. ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ लष्कराच्या विशेष दलाने एका पिकअप गाडीवर गोळीबार केला. अतिरेक्यांच्या हालचालीची खबर होती. गाडीत होते कोळसा खाणीतून घरी निघालेले आठ मजूर, त्यांपैकी सहा जागीच गेले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन दिवसांनी संसदेत ही ओळख पटवण्यातली चूक असल्याचे सांगितले. खाणीतले मजूर शनिवारी त्या रस्त्याने घरी परततात, हे त्या परिसरात सगळ्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्राने याच प्रश्नाची किंमत दुसऱ्या बाजूने मोजली आहे. गडचिरोलीत २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस मारले गेले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी पुष्कळ सुधारणा केल्या. पण १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, पुन्हा घात झाला. आदल्या रात्री माओवाद्यांनी कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने जाळली. सकाळी शीघ्र कृती दलाचे जवान खासगी गाडीतून तिकडे निघाले. जांभुळखेड्याजवळ नाल्यापाशी भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि १५ जवान व चालक असे सोळा जण गेले.

जाळपोळ हीच एक खबर होती. तिच्यात घटनेइतकाच आमंत्रणाचाही अर्थ होता, आणि तो वाचायला हवा होता. माओवादग्रस्त भागात रस्ता आधी पायी तपासायचा, एका गाडीत दाटीने बसायचे नाही, हे नियम सगळ्यांना पाठ असतात. पण मोठी घटना घडली की वरून विचारणा सुरू होते, 'पोचलात का?' त्या विचारणेच्या रेट्यात 'आपण तिकडे यावे असे कुणाला वाटत असेल?' हा प्रश्न मागे पडतो. नियोजनाच्या टेबलावर हा एक प्रश्न विचारण्याचे काम एका अधिकाऱ्यावर नेमून सोपवलेले असले पाहिजे. बाकीचे सगळे कारवाई कशी करायची याचा विचार करत असताना ती का करू नये याची कारणे त्याने शोधावीत. अशा माणसाला खोडा घालणारा समजले जाते. जांभुळखेड्यात त्या सकाळी तसा एखादा माणूस हवा होता.

गडचिरोलीच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. १९९० मध्ये तिथे सी-६० पथक उभे राहिले ते के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना, आणि त्याचा पाया स्थानिक मुलांच्या भरतीचा होता. गोंडी, माडिया बोलणारा, पाऊलवाटा आणि पाण्याच्या जागा ठाऊक असणारा जवान हा स्वतःच गुप्तवार्तेचे साधन असतो. खबर ऐकताच तिच्यात काय बसत नाही हे त्याला कळते. पोलिसांच्या दादालोरा खिडकीतून दाखले आणि योजनांची कामे होऊ लागली, त्यामुळे दुर्गम ठाण्यांत लोकांची ये-जा वाढली. गावाशी रोजचा व्यवहार असलेल्या ठाण्याला सणाची तारीख विचारावी लागत नाही. तरीही २२ एप्रिल २०१८ च्या बोरिया-कसनासूरच्या कारवाईत, जिथे तीसहून अधिक जण मारले गेले आणि अनेक मृतदेह इंद्रावतीत सापडले, गट्टेपल्लीची काही तरुण मुले होती. ती माओवाद्यांच्या दलमात भरती झाली होती असे पोलीस सांगतात, ती लग्नाला निघाली होती असे घरचे सांगतात. तळावर कोण कोण आहे याची कारवाईपूर्वीची नोंद किती तपशिलाची होती, हे समोर आल्याखेरीज हा वाद मिटणार नाही.

शहरात वेग वेगळा असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयात जखमी झालेले पोलीस अधिकारी सदानंद दाते वायरलेसवरून परिस्थिती कळवत होते. खाली रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हल्लेखोरांच्या समोर आले आणि मारले गेले. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात मांडल्या. कुणाला केव्हा काय कळले होते, हा त्यांचा प्रश्न होता. पतीच्या मृत्यूनंतर एका स्त्रीला हे काम एकटीने करावे लागले. प्रत्येक पोलीस दलाने प्रत्येक कारवाईनंतर ते आपणहून करायला हवे.

त्याच रात्रीची दुसरी बाजूही आहे. हल्लेखोरांनी पळवलेल्या साळसकरांच्या गाडीत गंभीर जखमी होऊन पडलेले शिपाई अरुण जाधव हल्लेखोर गाडी सोडून जाईपर्यंत निपचित राहिले. मग वायरलेस गाठून त्यांनी खबर दिली. नवी गाडी कोणती आणि ती कोणत्या दिशेला गेली, हे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोचले. तिथे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. अतिरेकी जिवंत हाती लागला तो ओंबळ्यांच्या छातीमुळे, आणि त्याआधी जाधवांच्या संदेशामुळे. कोण सांगतोय हे ठाऊक होते, त्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि माहिती काही मिनिटांपूर्वीची होती. चांगल्या खबरेला लागणारे सगळे तिच्यात होते.

राम प्रधान समितीने पुढे दाखवले की समुद्रमार्गाच्या आणि मोठ्या हॉटेलांच्या धोक्याविषयीचे इशारे २००६ पासून येत होते. ते कार्यालयातून कार्यालयात गेले. ते एकत्र वाचून त्यांतून एक चित्र उभे करणे हे कुणा एकाचे काम नव्हते.

जगाने हे धडे कायदेशीर भाषेत लिहून ठेवले आहेत. लंडनमध्ये २२ जुलै २००५ रोजी ज्याँ शार्ल द मेनेझिस हा ब्राझीलचा तरुण भुयारी रेल्वेच्या डब्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. संशयित ज्या इमारतीत राहत असल्याची माहिती होती तिच्यात अनेक बिऱ्हाडे होती. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थोड्या अंतरावर अडवायचे ठरले होते, पण सशस्त्र पथक वेळेत पोचलेच नाही. पाळतीवरचा माणूस नेमक्या त्या क्षणी लघवीला गेला होता, त्यामुळे चित्रीकरण झाले नाही. 'तोच असेल' आणि 'तोच आहे' यांमधले अंतर ट्यूब स्टेशन येईपर्यंत संपून गेले. २००७ मध्ये लंडन पोलिसांना दोषी ठरवून १,७५,००० पौंडांचा दंड झाला, आणि तो कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली. न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याच्या बोटाऐवजी नियोजनाच्या खोलीकडे पाहिले. मार्च २०१२ मध्ये इंग्लंडमधल्याच कल्चेथ गावी अँथनी ग्रेंजर हा निःशस्त्र माणूस थांबलेल्या गाडीत मारला गेला. २०१९ च्या सार्वजनिक चौकशीने ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या नियोजनावर ठपका ठेवला. जवानांना दिलेल्या ब्रीफिंगमध्ये चुकीची आणि धोका फुगवणारी माहिती होती.

भारतात यावर उत्तराची पहिली पायरी आधीच लिहिलेली आहे, आणि ती महाराष्ट्राच्याच खटल्यातून आली. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज न्यायालयात गेली. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांनी १६ सूचना दिल्या. पहिलीच सूचना अशी की, गंभीर गुन्ह्याविषयी टीप मिळाली की ती कोणत्या तरी रूपात लिहून ठेवावी, शक्यतो केस डायरीत किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. त्यात संशयिताचे नाव किंवा ठिकाण लिहायची गरज नाही.

ही सूचना लोक मानवी हक्कांच्या खात्यात टाकतात. खरे तर ती पोलिसांच्या जिवाच्या खात्यातही आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मारला गेला, तेव्हा तो वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ येणार असल्याची टीप मिळाली होती, असे पोलिसांनी सांगितले. तो बनाव होता हे सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये मान्य केले. जयपूरमध्ये त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर २००६ ला, एसओजीच्या चकमकीत दारासिंह ऊर्फ दारिया मारला गेला. वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली, अनेक वर्षे खटला चालला आणि २०१८ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. वेळच्या वेळी लिहिलेली, तारीख-वेळ असलेली नोंद खोटे बोलणाऱ्याला अडवते, आणि खरे बोलणाऱ्याला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यापासून वाचवते.

अधिकारी यावर म्हणतात, कागदावर आले की फुटते. ही भीती खोटी नाही. ३ जुलै २०२० च्या पहाटे कानपूरजवळ बिकरू गावात विकास दुबेला पकडायला गेलेले आठ पोलीस मारले गेले. वाटेत जेसीबी आडवा होता, गच्चीवरून गोळ्या आल्या. छाप्याची बातमी ठाण्यातूनच त्याच्यापर्यंत गेली होती असे तपासात पुढे आले, आणि चौबेपूर ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच अटक झाली. पण बिकरूत बातमी फुटली ती माणसातून, कागदातून नव्हे. न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या आयोगाने तिथल्या स्थानिक गुप्तवार्ता शाखेचे पूर्ण अपयश नोंदवले. गावात किती हत्यारे आहेत याचा अंदाज नव्हता. 'ठाण्यातले कोण त्याच्या ओळखीचे आहेत?' हा प्रश्न छाप्यापूर्वी कुणी लिहून विचारला असता, तर उत्तराआधी पथक निघालेच नसते. शिवाय खबऱ्याचे नाव सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही, हे संरक्षण १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १२५ ने दिले आणि नव्या कायद्यातही ते कायम आहे. नोंद आणि गुप्तता एकत्र नांदू शकतात.

मग त्या नोंदीत काय असावे? दुसऱ्या महायुद्धापासून लष्करी गुप्तवार्तेत एक साधी रीत आहे. सांगणारा किती भरवशाचा याला एक दर्जा आणि सांगितलेली गोष्ट किती पटण्यासारखी याला वेगळा दर्जा. भरवशाचा खबऱ्याही ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि नवखा माणूस डोळ्यांनी पाहिलेले सांगू शकतो. ब्रिटिश पोलिसांनी ही रीत आपल्यापुरती सोपी करून वापरली. आपल्याकडे पथकाच्या ब्रीफिंगच्या पानावर या दोन दर्जांबरोबर माहिती केव्हाची आहे ते तासांत लिहावे. घरात बायका-मुले किती, हत्यार पाहिले कुणी, मागचे दार आहे का, यांपैकी जे ठाऊक नाही ते स्वतंत्र रकान्यात 'ठाऊक नाही' असे लिहावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कोणती गोष्ट बदलली की कारवाई थांबवायची आणि थांबवण्याचा अधिकार जागेवर कुणाला, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. पथकातल्या शेवटच्या शिपायालाही ते माहीत असावे.

शंका टिकवायची तर शंका काढणाऱ्याचे नुकसान होता कामा नये. २०१४ च्या त्याच सूचनांमध्ये चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये असे म्हटले आहे. पण थांबलेल्या कारवाईची दखलच घेतली जात नाही. 'माहिती जुनी वाटली म्हणून परत आलो' असे लिहिणाऱ्या निरीक्षकाच्या गोपनीय अहवालात त्या निर्णयाची नोंद चांगल्या अक्षरात व्हायला हवी. खबऱ्यांच्या बाबतीतही तसेच. रिकाम्या निघालेल्या घराची माहिती कुणाच्याच फाइलमध्ये राहत नाही, त्यामुळे तीन वेळा चुकीची टीप देणारा माणूस चौथ्यांदाही तितकाच भरवशाचा ठरतो. गोपनीय निधीतून पैसे घेणाऱ्या, वैर काढू पाहणाऱ्या किंवा स्वतःचा खटला हलका करू पाहणाऱ्या माणसाची माहिती कधी खरी असते, कधी नसते. फरक फक्त जुन्या नोंदींतून कळतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले. कारवाईनंतरचा पुरावा त्यामुळे सुधारेल. कारवाईआधीच्या निर्णयाच्या नोंदीला अजून असा कायदा नाही, पण त्यासाठी विधानसभेत जाण्याचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेचा आधार आहेच, तिच्यावर पोलीस महासंचालकांचे एक स्थायी परिपत्रक पुरेल. सुरुवात लहान आणि शिस्तबद्ध पथकांपासून करावी, राजस्थानात एसओजी आणि एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक, महाराष्ट्रात सी-६०, फोर्स वन आणि एटीएस. ब्रीफिंगचे पान पथक निघण्यापूर्वी सीलबंद होऊन अधीक्षकांकडे जावे. कारवाईनंतर ठरलेल्या मुदतीत, गोळी झाडली असो वा नसो, पथकाने ते पुन्हा उघडून जागेवर दिसलेल्या गोष्टींशी ताडावे, आणि त्या बैठकीला त्या कारवाईशी संबंध नसलेला एक अधिकारी बसवावा. गडचिरोलीत तो जयपूरचा असू शकेल आणि जयपूरमध्ये गडचिरोलीचा.